आधी ब्रेक, मग बिग ब्लॉक

वाचकाचं पत्र:

"मी मिशिगनमध्ये, नोव्हायला राहतो. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत डिझाइन इंजिनिअर आहे. दोन वर्षांपूर्वी १९६७ ची शेव्हेल मालिबू घेतली. दोन दारांची, मूळचं २८३ घनइंचांचं व्ही-८, दोनच गिअरचं पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक, चारही चाकांना ड्रम ब्रेक. आजोबा मुंबईत शेव्हरोलेच्या टॅक्सीवर होते, तेव्हापासून या नावाचं वेड घरात आहे. आता ओळखीतून जुन्या ट्रकमधून काढलेलं ४५४ घनइंचांचं शेव्हरोले इंजिन स्वस्तात मिळतंय. मित्र म्हणतो, 'शेव्हेलमध्ये हे इंजिन कंपनीच बसवायची. साडेचारशे हॉर्सपॉवर मिळेल. शनिवार-रविवारात काम होतं.' दुसरा म्हणतो, बिग ब्लॉकचा, म्हणजे असल्या मोठ्या जातीच्या इंजिनाचा, नाद सोड, लहान जातीच्या ब्लॉकमध्ये लांब स्ट्रोकचा क्रँक घालून ३८३ चा स्ट्रोकर बनव. बायको म्हणते, एवढं मोठं इंजिन घातलंस तर मुलांना त्या गाडीत बसवणार नाही. काय करू?"

उत्तर:

तुमच्या मित्रानं तीन गोष्टी सांगितल्या. शेव्हेलमध्ये हे इंजिन कंपनीच बसवायची, हे खरं आहे. साडेचारशे हॉर्सपॉवर मिळेल, हे तुम्हाला मिळणाऱ्या इंजिनाच्या बाबतीत खरं नाही. शनिवार-रविवारात काम होतं, हे ऐकून कामाला लागलात तर पंचाईत होईल. या सगळ्यांत वहिनींची शंकाच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्यांनी इंजिनाच्या आकारावर बोट ठेवलंय, पण त्यांची खरी काळजी आहे ती गाडी थांबेल का याची. आजच्या अवस्थेत तुमची मालिबू ४५४ च्या जोरावर पळेल आणि २८३ च्या ब्रेकवर थांबायचा प्रयत्न करेल. ते मला मंजूर नाही.

माझा सल्ला असा. इंजिन तपासून घ्या, ठीक निघालं तर विकत घ्या, आणि स्टँडवर चढवून ताडपत्रीखाली ठेवून द्या. हा हिवाळा गाडीचा. इंजिन सगळ्यात शेवटी.

आधी चांगली बातमी. शेव्हरोलेचं मार्क फोर घराण्यातलं बिग ब्लॉक १९६५ मध्ये ३९६ घनइंचांचं म्हणून आलं, १९६६ मध्ये ४२७ झालं आणि १९७० मध्ये ४५४, म्हणजे जवळपास ७.४ लिटर. बोअर (सिलिंडरचा व्यास) वाढला, स्ट्रोक (पिस्टनची धाव) वाढला, पण बाहेरून ब्लॉक तोच राहिला. तुमच्याच सालच्या शेव्हेल एसएसमध्ये, म्हणजे शेव्हेलच्या जोरकस आवृत्तीत, ३९६ येत होतं. म्हणजे ४५४ ला लागणारी जागा तुमच्या बॉनेटखाली कारखान्यानंच धरून ठेवली आहे. माउंट, रेडिएटर, पुढच्या स्प्रिंगा, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, सगळं त्या सालच्या यादीत आहे आणि आज नवीन बनवूनही मिळतं. फायरवॉलवर हातोडा चालवायची किंवा चॅसिस कापायची गरज नाही. बिग ब्लॉक घालायच्या नादात ज्या गाड्या कापल्या जातात त्या मला बघवत नाहीत, म्हणून हे आधी सांगितलं.

कंपनीनं स्वतः १९६७ मध्येच मोठं इंजिन का नाही घातलं, असं वाटेल. जनरल मोटर्सचा तेव्हा नियम होता: मध्यम आकाराच्या गाडीत ४०० घनइंचांच्या वरचं इंजिन नको. १९७० साठी तो उठला आणि शेव्हेलला ४५४ मिळालं. डीलर मात्र तोवर थांबले नव्हते. पेनसिल्व्हेनियातल्या कॅनन्सबर्गचा डॉन येन्को, शिकागोची निकी शेव्हरोले, न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवरची बाल्डविन-मोशन ही जोडगोळी, हे सगळे १९६७ च्या सुमारास शेव्हरोलेच्याच नव्या कोऱ्या कमॅरो गाड्यांमध्ये ४२७ बसवून विकत होते. येन्कोनं मुळातच ३९६ असलेल्या गाड्या निवडल्या, म्हणजे स्प्रिंगा, ॲक्सल आणि रेडिएटर आधीच बिग ब्लॉकच्या तोलाचे होते, बदलायचं होतं ते फक्त इंजिन. तुमच्याकडे ती सोय नाही. तुमची गाडी २८३ च्या तोलाची आहे. आपल्याला आधी तिला एसएसच्या पायरीवर आणायचं आहे.

आता साडेचारशेची गोष्ट. हा आकडा १९७० च्या शेव्हेलमधल्या सगळ्यात तापट ४५४ चा, एलएस-६ चा. त्याचं कॉम्प्रेशन ११.२५ होतं, हेडचे पोर्ट मोठे चौकोनी, व्हॉल्व्ह उघडणारा कॅम उग्र आणि सॉलिड लिफ्टरचा. शिवाय तो आकडा जुन्या पद्धतीनं, म्हणजे एअर क्लीनर, गाडीचा खरा एक्झॉस्ट, पंखा वगैरे न जोडता स्टँडवर मोजलेला. १९७१ मध्ये जनरल मोटर्सनं सगळ्या इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं, १९७२ पासून आकडे नेट पद्धतीनं, म्हणजे हे सगळं जोडून मोजलेले, छापायला सुरुवात झाली. शेव्हेलचं ४५४ कागदावर १९७१ मध्ये ३६५ होतं आणि १९७२ मध्ये २७०. इंजिन जवळपास तेच, मोजपट्टी बदलली. ट्रकचं ४५४ त्याहूनही सौम्य: कॉम्प्रेशन आठच्या आसपास, आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतरच्या पुष्कळ इंजिनांवर बारीक पोर्टांचे हेड, ज्यांना इथले मेकॅनिक पीनट पोर्ट म्हणतात. नेट अडीचशेच्या आसपास हॉर्सपॉवर धरा.

पण नाराज होऊ नका. ट्रकच्या इंजिनाचं काम माल ओढायचं, त्यामुळे टॉर्क साडेतीनशे पौंड-फुटांच्या वर, आणि तोही अगदी खालच्या आरपीएमला. तुमच्या २८३ चे १९५ हॉर्सपॉवर तर जुन्या ग्रॉस पद्धतीचे आहेत. सिग्नलवरून निघताना हा फरक तुम्हाला पाठीला जाणवेल. शिवाय ब्लॉक आणि क्रँक चांगले असतील तर पुढे हेड, कॅम आणि पिस्टन बदलून हेच इंजिन हवं तितकं तापट करता येतं. घाई नाही.

पैसे देण्याआधी हातात टॉर्च आणि वायरब्रश घेऊन जा. ब्लॉकच्या मागच्या कडेला, जिथे गिअरबॉक्स जोडतो त्या फ्लँजवर, ड्रायव्हरच्या बाजूला ओतकामाचा नंबर असतो. पुढे, प्रवासी बाजूच्या हेडच्या समोर एक छोटी सपाट जागा असते, तिच्यावर ठोकलेली अक्षरं आणि तारीख. दोन्हींचे फोटो काढा. हे इंजिन खरंच साध्या पिकअपचं आहे ना, याची खात्री करा. शेव्हरोलेच्या मोठ्या मालवाहू ट्रकांत ३६६ आणि ४२७ चे उंच डेकचे, म्हणजे जास्त उंचीचे ब्लॉक येत. त्यांवर गाडीचा इनटेक मॅनिफोल्ड बसत नाही, डिस्ट्रिब्युटरही वेगळा लागतो. कोणी 'बोटीतून काढलंय' म्हणालं तर आणखी सावध व्हा, कारण जोडीनं बसवलेल्या बोटींच्या इंजिनांत एक उलट फिरणारंही असतं. इंजिन १९९१ किंवा त्यानंतरचं असेल तर क्रँकच्या मागचं सील एका तुकड्याचं असतं आणि फ्लेक्सप्लेट (क्रँकला गिअरबॉक्स जोडणारी चकती), ऑइल पॅन सगळं बदलतं. तेही चालतं, पण आधी कळलेलं बरं. मेन बेअरिंगला दोन बोल्ट आहेत की चार, यावरून सौदा मोडू नका. रस्त्यावरच्या गाडीला दोन पुरेत.

मग ब्लॉक मशीन शॉपला द्या. बोअर मोजून घ्या, तडा तपासून घ्या. मिशिगनच्या थंडीत पाणी गोठून तडकलेले ब्लॉक कमी नाहीत, आणि रंग मारलेल्या ब्लॉकवर तडा डोळ्यांना दिसत नाही. विकणारा कितीही ओळखीचा असला तरी ही तपासणी टाळू नका.

तुमच्या दुसऱ्या मित्राच्या ३८३ बद्दल प्रामाणिकपणे सांगतो. निव्वळ हिशोब मांडला तर तोच बरोबर ठरेल. ३५० चा ब्लॉक, ४०० च्या मापाचा क्रँक, चांगले हेड, की चारशे हॉर्सपॉवर कमी पैशांत मिळतात. ते तुमच्या आताच्या माउंटवरच बसेल, नाकावर वजन वाढणार नाही, स्पार्क प्लग बदलताना हात पोळणार नाहीत. रोज ऑफिसला जायची गाडी असती तर मी याहून वेगळं काही सुचवलंच नसतं.

पण तुम्ही रोजच्या वापराचं विचारलेलं नाही. बिग ब्लॉकची मजा आकड्यात पकडता येत नाही. त्याच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह एका रांगेत उभे नसतात, वेगवेगळ्या कोनांत कललेले असतात. हवेला वाट मोकळी मिळते, आणि सात लिटरांच्या वरचं इंजिन दोन हजार आरपीएमला जसं ओढतं तसं ओढायला लहान इंजिनाला चार हजारांपर्यंत जावं लागतं. ही हौसेची बाब आहे, आणि हौसेला तुमच्याकडे कारणही आहे. जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये शिवडीला गाड्यांची जोडणी सुरू केली आणि १९५४ पर्यंत ती चालली. मुंबईच्या कितीतरी घरांत शेव्हरोलेचं नाव तुमच्या घरासारखंच आपलं झालं ते त्यामुळे. आजोबांच्या आठवणीनं गाडी घेतली असेल तर तिच्यात मनासारखं इंजिन घाला. मी ४५४ च्याच बाजूनं आहे. फक्त ते नीट बसवा.

आता या हिवाळ्याचं काम. गाडी लिफ्टवर घ्या आणि सगळ्यात आधी चॅसिस बघा. या राज्यात रस्त्यावर पडणारं मीठ मागच्या ॲक्सलच्या वर, चॅसिसच्या कमानीत साचतं आणि तिथला पत्रा आतून खातं. बॉडी माउंटच्या जागा आणि मागच्या चाकांच्या पाठीमागचा भाग हातोडीनं हलके ठोकून बघा. आवाज भरीव यायला हवा. तुमची बंद छपराची गाडी असल्यामुळे चॅसिसच्या बाजूच्या पट्ट्या उघड्या नालीच्या आकाराच्या असतील, कन्व्हर्टिबलसारख्या चारी बाजूंनी बंद नसतील. त्या शाबूत असतील तर पुरतात. गंजल्या असतील तर ४५४ चा विचार इथेच थांबवा आणि आधी वेल्डिंग करून घ्या. बिग ब्लॉकच्या एसएस गाड्यांना मागच्या वरच्या आणि खालच्या कंट्रोल आर्मच्या टेकूंमध्ये जोडपट्ट्या असत. त्या मिळतात, बोल्टनं बसतात. लावून टाका.

मग ब्रेक. एका बाबतीत तुम्ही भाग्यवान आहात. १९६७ पासून मास्टर सिलिंडर दुहेरी झाला, म्हणजे एक लाइन फुटली तरी दुसऱ्या दोन चाकांना ब्रेक राहतो. १९६६ ची शेव्हेल असती तर ती सोय नसती. त्याच वर्षी जनरल मोटर्सनं धडकेत दबणारा स्टिअरिंग कॉलमही आणला, तो तुमच्या गाडीत आहे. पण पुढचे ड्रम जायलाच हवेत. पुढे डिस्क घाला. १९६७ मध्ये कंपनीही त्या जादा पैसे घेऊन देत होती. डिस्क घातल्यावर मास्टर सिलिंडरही डिस्कचाच लागतो आणि पुढच्या-मागच्या दाबाची वाटणी करणारा व्हॉल्व्ह लागतो. पुष्कळ लोक डिस्क घालून ड्रमचाच मास्टर ठेवतात आणि मग 'ब्रेक चिकटतात' म्हणून डोकं धरून बसतात. ड्रमच्या सर्किटमध्ये थोडा दाब कायम धरून ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह असतो, तो डिस्कच्या पॅडना सुटू देत नाही.

ब्रेकला जोर देणारा बूस्टर लावणार असाल तर एक गोष्ट आत्ताच डोक्यात ठेवा. तो इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो, आणि कॅम जितका उग्र तितका आयडलचा व्हॅक्यूम कमी. सोळा-अठरा इंच (पाऱ्याचा) व्हॅक्यूम मिळत असेल तर ब्रेक पेडल हलकं राहतं. सिग्नलवर धडधडणाऱ्या कॅमचा आवाज ऐकायला छान वाटतो, पण दहा-अकरा इंचांवर तोच कॅम ब्रेकचा जोर काढून घेतो. मुलं मागे बसणार असतील तर कॅम सौम्यच निवडा. ट्रकच्या इंजिनाचा मूळ स्वभावही तसाच आहे. त्याच्याशी भांडू नका.

सीटच्या पट्ट्यांचंही बघा. पुढच्या सीटला खांद्यावरून जाणारा पट्टा अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून सक्तीचा झाला, तुमच्या गाडीला कंबरेचेच पट्टे असतील. पुढे-मागे तीन टोकांचे पट्टे बसवून घ्या. मागच्या सीटच्या मागचा पत्रा नुसता भोक पाडून चालत नाही, आतून जाड प्लेट लावावी लागते. हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. वहिनींना डिस्क ब्रेक आणि हे पट्टे दाखवा, आणि इंजिन बसवण्याआधी २८३ वरच गाडीतून एक फेरी मारून आणा. त्यांचं समाधान झालं तरच पुढे जा.

तिसरा अडसर मागचा ॲक्सल. तुमच्याकडे बहुतेक दहा बोल्टांच्या कव्हरचा, ८.२ इंच रिंग गिअरचा असेल. २८३ साठी तो ठीक होता. ४५४ चा टॉर्क आणि चांगले टायर एकत्र आले की तो तग धरणार नाही. बिग ब्लॉकच्या शेव्हेलांना बारा बोल्टांचा ॲक्सल येई, त्याचा रिंग गिअर जवळपास ८.९ इंचांचा. तो शोधा. १९६४ ते १९६७ च्या ॲक्सलची रुंदी नंतरच्या गाड्यांपेक्षा थोडी वेगळी आहे, तेव्हा मोजमाप करून घ्या. मोठ्या गिअर रेशोचा लोभ नको. ४५४ ला ३.०८ किंवा ३.३१ भरपूर झालं. एवढा टॉर्क असताना ४.१० घालून महामार्गावर इंजिनाला ओरडायला लावण्यात काही अर्थ नाही.

पॉवरग्लाइड जाऊ द्या. मजबूत गिअरबॉक्स आहे हे मान्य, ड्रॅगवाले आजही वापरतात, पण दोन गिअर रस्त्यावर अपुरे पडतात. तीन गिअरचा टर्बो ४०० ऑटोमॅटिक घ्या. बेलहाउसिंगची भोकं स्मॉल ब्लॉक आणि बिग ब्लॉकची एकच आहेत, जुळणीचा प्रश्न नाही. मागचा क्रॉसमेंबर मात्र सरकवावा लागेल, प्रोपेलर शाफ्ट कापून बॅलन्स करून घ्यावा लागेल, आणि शाफ्टच्या पुढच्या टोकाचा योक बदलेल, कारण पॉवरग्लाइडला २७ खाचांचा योक असतो आणि टर्बो ४०० ला ३२ खाचांचा. महामार्गावर लांब जायचं असेल तर ओव्हरड्राइव्हचा ४एल८०ई हा त्याचाच धाकटा भाऊ आहे, पण त्याला इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर लागतो आणि खर्च वाढतो.

ज्या एका गोष्टीवर मी सगळ्यात जास्त भर देईन ती आहे गाडी थंड ठेवण्याची. वेगात पळताना रेडिएटरला वारा मिळतो, तिथे बहुतेक गाड्या सांभाळून घेतात. खरी परीक्षा गर्दीत होते. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची ड्रीम क्रूझ असते, ती तुम्ही बघितलीच असेल. मैलोन्‌मैल गाड्या पावलापावलानं सरकतात, डांबर तापलेलं, आणि दर थोड्या अंतरावर कोणाचं तरी बॉनेट उघडं. त्या गर्दीत तुमची गाडी उभी राहू नये असं वाटत असेल तर २८३ चा अरुंद रेडिएटर काढा आणि बिग ब्लॉकच्या मापाचा रुंद कोअरचा घाला. त्याच्याबरोबर श्राउड, म्हणजे पंख्याभोवतीचं आवरण, हवाच, आणि तोही त्याच रेडिएटरच्या मापाचा. पंख्याची पाती निम्मी श्राउडच्या आत आणि निम्मी बाहेर असली की पंखा पूर्ण कोअरमधून हवा खेचतो. श्राउड नसेल तर तो स्वतःभोवतीचीच गरम हवा घुसळत बसतो. क्लच फॅन लावा, आणि त्याचा क्लच जुना असेल तर नवा घ्या.

इथेच वॉटर पंपाचा गुंता येतो. तुमच्या सालच्या गाड्यांना आखूड पंप असे. १९६९ पासून कॉर्वेट वगळता शेव्हरोलेनं लांब पंप आणला. ट्रकच्या ४५४ वर लांबच असेल. पंप, पुली आणि अल्टरनेटरचे ब्रॅकेट एकाच जातीचे हवेत. आखूड पंपावर लांब पंपाच्या पुल्या लावल्या तर बेल्ट एका रेषेत येत नाहीत. रेडिएटर आणि पंखा यांच्यात जागा मोजा, मग ठरवा. मी तुमच्या जागी असतो तर १९६७ च्या एसएसप्रमाणे आखूड पंपाचा पूर्ण संच घेतला असता, म्हणजे जागाही मिळते आणि बॉनेटखाली त्या सालचं रूपही राहतं.

माउंटवर आता थोडं सविस्तर बोलतो, कारण इथे स्वस्ताई जिवावर बेतू शकते. जोर दिला की इंजिन ड्रायव्हरच्या बाजूनं वर उचललं जातं. साठच्या दशकातल्या माउंटमध्ये दोन लोखंडी तुकडे फक्त रबरानं चिकटवलेले असत. रबर फाटलं की इंजिन उसळतं आणि थ्रॉटलची जोडणी ओढली जाऊन कार्ब्युरेटर उघडाच राहतो. या एका दोषापायी १९७१ च्या अखेरीस जनरल मोटर्सला सुमारे ६७ लाख शेव्हरोले परत बोलवाव्या लागल्या होत्या. एकमेकांत अडकणारे, रबर गेलं तरी न सुटणारे माउंट मिळतात. तेच घ्या. चॅसिसवरचे टेकू बिग ब्लॉकचे वेगळे आहेत, ते आणि माउंट एकाच संचातले असू द्या. जुळवाजुळव केली की इंजिन तिरकं किंवा वर-खाली बसतं, आणि मग एक्झॉस्ट स्टिअरिंगला लागतो.

ऑइल पॅन ट्रकचं असेल तर काढा. त्याचा खोलगट भाग तुमच्या गाडीच्या स्टिअरिंगच्या सेंटर लिंकच्या वाटेत येऊ शकतो. शेव्हेलसाठीचं पॅन आणि त्याच्या खोलीला जुळणारी, तेल ओढणारी पिकअप नळी असं जोडीनं घ्या. दुसरी गोष्ट बॅलन्सची. ३९६ आणि ४२७ आतूनच तोललेले असतात, ४५४ चा तोल बाहेरून, म्हणजे पुढच्या डॅम्परवर आणि मागच्या फ्लेक्सप्लेटवर वजन ठेवून साधलेला असतो. तुमच्या २८३ ची फ्लेक्सप्लेट बोल्टनं बसेलही, पण गाडी थरथरेल आणि बेअरिंग खाऊन टाकेल.

ओतीव लोखंडाचं बिग ब्लॉक तुमच्या इंजिनापेक्षा साधारण सव्वाशे ते दीडशे पौंड जड पडेल. पुढच्या स्प्रिंगा बिग ब्लॉकच्याच घाला आणि नंतर अलाइनमेंट करून घ्या. हेड आणि इनटेक ॲल्युमिनियमचे घेतलेत तर निम्म्याहून जास्त वजन परत उतरतं आणि कॉम्प्रेशनही वाढवता येतं. पैसे कुठे जास्त घालू असं विचारलंत तर मी हेडकडेच बोट दाखवेन. इंधनाची लाइन २८३ ला बारीक, पाच-सोळांशाची असते, ती तीन-अष्टमांशाची करा. रबरी तुकडे इथेनॉल सोसणारे घ्या. एक्झॉस्ट अडीच इंची दुहेरी, बॅटरीच्या जाड तारा, त्यात विशेष काही नाही.

घरच्या गॅरेजात जमेल का? इंजिन काढणं-घालणं जमेल. होइस्ट, लेव्हलर आणि हाताशी एक समंजस माणूस हवा, आणि बॉनेट काढून भिंतीला नीट टेकवून ठेवायला जागा. बोअरिंग, क्रँक, शाफ्ट आणि ॲक्सलची जुळणी मात्र बाहेर द्या. दोन दिवसांत होणारं काम हे नव्हे. एक हिवाळा गाडीला, दुसरा इंजिनाला, असं धरून चाला. मधल्या उन्हाळ्यात चांगल्या ब्रेकची, चांगल्या ॲक्सलची मालिबू २८३ वर पळवा. पैशांचं म्हणाल तर इंजिनाला जेवढे लागतील तेवढेच, किंबहुना जास्त, बाकीच्या गाडीला लागतील असं मनाशी ठेवा. पेट्रोल गॅलनला दहा-बारा मैलांच्या हिशोबानं जाईल.

पहिल्यांदा चालू करताना घाई नको. कॅम जुन्या पद्धतीचा, फ्लॅट टॅपेट असेल तर त्याचं आयुष्य पहिल्या वीस मिनिटांत ठरतं. डिस्ट्रिब्युटरच्या भोकातून ड्रिलनं ऑइल पंप फिरवून आधी तेल वरपर्यंत चढू द्या. टायमिंग आणि कार्ब्युरेटर असा लावून ठेवा की पहिल्या हाकेला इंजिन पेटेल, कारण स्टार्टरवर नुसतं घुमवत राहिलं की कॅमवरचं वंगण पुसलं जातं. पेटल्याबरोबर आरपीएम दोन हजारांच्या वर न्या आणि वीसेक मिनिटं थोडं खाली-वर करत तिथेच ठेवा, आयडलवर सोडू नका. तेल झिंक जास्त असलेलं हवं. आजच्या गाड्यांच्या तेलातलं झिंक-फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी कमी केलेलं असतं. रोलर कॅम परवडला तर ही सगळी धास्ती संपते.

कागदपत्रांचं थोडक्यात. १९६६ ते १९६८ च्या शेव्हेलमध्ये एसएस ३९६ चा गाडी क्रमांक १३८ नं सुरू होतो, तुमच्या व्ही-८ मालिबूचा १३६ नं. त्यामुळे एसएसचे बिल्ले लावून कोणाला फसवता येणार नाही, आणि तुम्ही तसं करणारही नाही. मला विचाराल तर बिल्ले लावूच नका. ४५४ ची मालिबू म्हणूनच ती मिरवू द्या. मूळचं २८३ तेल भरून, भोकं बंद करून गाडीबरोबर जपून ठेवा. उद्या मुलांना किंवा पुढच्या मालकाला ते हवं असेल. विमा ठरलेल्या किमतीचा घ्या आणि इंजिन बदलल्याचं कंपनीला लेखी कळवा. मिशिगनमध्ये धूर-तपासणीची अडचण नाही. ऐतिहासिक गाडीची पाटी घेतलीत तर मेळावे, क्लबचे कार्यक्रम वगळता गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही, ऑगस्ट महिन्यात तेवढी मोकळीक असते.

इंजिन बघायला जाल तेव्हा फ्लँजवरचा नंबर, पुढच्या सपाट जागेवरची अक्षरं आणि हेडवरचे नंबर मला पाठवा. मागच्या ॲक्सलचं कव्हर उघडलंत तर गिअरवर ठोकलेले दात्यांचे आकडे बघून तेही लिहा. कॅम आणि कॉम्प्रेशन किती ठेवायचं ते त्यावरून ठरवता येईल.